बेने इस्रायलांचे सण आणि त्यांची कालगणना : केहीमकरकृत इतिहासाची एक समीक्षा

कै. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी कोकणातील बेने इस्रायल समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून इ. स. १८९७ मध्ये पुरा केला. ग्रंथकाराच्या हयातीत तो छापला गेला नाही. पुढे चाळीस वर्षांनी, इ. स. १९३७ मध्ये, डॉ. इमॅन्युएल ओल्सवांगर यांच्या खटपटीने तो तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. या समाजाविषयी त्यानंतर जे काही लिहिले गेले, त्यातील बहुतेकांचा पाया हाच ग्रंथ होय. त्यात सण व उपवास यांविषयी जो भाग आहे, त्याचाच विचार येथे कर्तव्य आहे. कारण केहीमकरांनी आपल्या समाजाच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून जी साधने पुढे मांडली, त्यांत सणांची यादी हे एक मुख्य साधन आहे. आणि आमच्या मते त्या यादीतून ते जे सिद्ध करू पाहतात ते सिद्ध होत नाही, परंतु ज्याकडे त्यांनी फारसे लक्ष दिले नाही असे काही दुसरेच, व अधिक मोलाचे, सिद्ध होते.

प्रथम यहुदी कालगणनेचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. ती आपल्या पंचांगाप्रमाणेच चांद्रसौर आहे. महिना अमावास्येनंतरच्या चंद्रदर्शनापासून मोजावयाचा, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातील अमान्त मासासारखा; आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी एकोणीस वर्षांत सात अधिक मास धरावयाचे. आपल्याकडे अधिक मास संक्रान्तीच्या अभावावरून ठरतो व तो वर्षातील वेगवेगळ्या महिन्यांत पडतो. यहुदी गणनेत तो चक्रातील ठराविक वर्षी व नेहमी अदार महिन्यापाशीच पडतो. चांद्रमासाचे मध्यम मान यहुदी गणितात २९ दिवस, १२ तास व तासाच्या १०८० भागांपैकी ७९३ भाग असे आहे. सूर्यसिद्धान्तातील मान व हे मान यांत सुमारे अर्ध्या सेकंदाचाच फरक पडतो. दिवसाचा आरंभ मात्र आपल्याकडे सूर्योदयापासून, तर त्यांच्याकडे सूर्यास्तापासून होतो.

एवढे साम्य सांगितल्यावर एक मोठा भेद सांगणे अवश्य आहे. या सर्व चांद्रसौर गणनेच्या जोडीला, पण तिच्यापासून सर्वथा अलिप्त, अशी आणखी एक गणना यहुदी धर्मात आहे, व ती म्हणजे सात दिवसांची. सहा दिवस काम आणि सातव्या दिवशी विराम. हिला चंद्राचा आधार नाही, सूर्याचा नाही, नक्षत्राचा नाही. केवळ मोजीत राहणे एवढाच तिचा आधार. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

आता केहीमकरांची यादी पाहू. कोचीनचे शिक्षक व मिशनरी शाळा यांच्याद्वारे हिब्रू विद्या कोकणात येण्यापूर्वी बेने इस्रायल लोक आपल्या सणांस हिब्रू नावांनी ओळखीत नसत. तिश्री महिन्याच्या पहिल्या दिवशी येणाऱ्या वर्षारंभास ते ‘नव्याचा सण’ म्हणत. त्याच महिन्याच्या दशमीस येणाऱ्या प्रायश्चित्ताच्या महाउपवासास ‘दारफळणीचा सण’ आणि त्याच्या दुसऱ्या दिवसास ‘शिळा सण’ अशी नावे होती. तिश्रीच्याच आरंभीच्या दिवसांत ‘खिरीचा सण’ येई. अदार महिन्यातील पुरीम या उत्सवास ते ‘होळीचा सण’ म्हणत. आणि निसान महिन्यात मिसर देशातून झालेल्या सुटकेच्या स्मरणार्थ जो पेसाह पाळतात, त्यास ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत. अनास म्हणजे आंबट पदार्थ ठेवण्याचे मडके. ते झाकून ठेवण्याचा सण असा याचा अर्थ केहीमकर देतात. आव महिन्याच्या नवमीस यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाबद्दल जो उपवास असतो, तो ‘बिरड्याचा रोजा’. एलूल महिन्यातील उपवासांस ‘रमजान’. आणि शेवाट महिन्याच्या पौर्णिमेस अलिबागजवळील खंडाळे येथे होणारा एलियाहू हन्नाबीचा ‘उरूस’.

ही नावे टिपून ठेवली हा केहीमकरांचा फार मोठा उपकार होय. त्यांच्या पिढीतच ती मागे पडू लागली होती, व ते स्वतः सुधारणेच्या पक्षाचे असूनही त्यांनी ती गाळली नाहीत. इ. स. १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा स्थापन करण्यात ज्यांचा पुढाकार होता, त्या गृहस्थाने आपल्या आजीच्या तोंडची भाषा अशी जतन करावी, ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष आहे.

परंतु या यादीवरून केहीमकर जे अनुमान काढतात ते असे. आपले पूर्वज अँटायोकस राजाच्या छळामुळे, इ. स. पूर्वी १७५ च्या सुमारास, स्वदेश सोडून निघाले. नवगावापाशी त्यांचे जहाज फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. व त्यांपासून हा समाज वाढला. याला प्रमाण काय, तर जुन्या सणांत हनुक्का हा सण नाही. हनुक्का हा मंदिराच्या पुनःशुद्धीचा उत्सव, आणि ती शुद्धी त्या छळानंतर झाली. ज्याअर्थी तो सण या लोकांस ठाऊक नव्हता, त्याअर्थी तो प्रचारात येण्यापूर्वीच ते निघाले असले पाहिजेत. केहीमकरांमागून अनेकांनी हाच युक्तिवाद जसाच्या तसा उचलला आहे.

या अनुमानास तीन बाजूंनी बाध येतो.

पहिली बाजू न्यायशास्त्राची. एखादी गोष्ट आढळत नाही, यावरून ती कधी नव्हतीच असे म्हणावयाचे, तर ती असती तर अवश्य आढळली असती हे आधी दाखवावे लागते. येथे ते दाखविता येत नाही. उलट, त्याच जुन्या नावांच्या यादीत शावुओथ या सणास स्वतंत्र नाव आढळत नाही. आणि शावुओथ तर प्रत्यक्ष तोरेतच सांगितलेला सण आहे. हनुक्काच्या अभावावरून हे लोक मक्काबींपूर्वी निघाले असे म्हणावे, तर शावुओथच्या अभावावरून ते मोशेपूर्वीच निघाले असे म्हणावे लागेल! ग्रंथ व गुरू दोन्ही गमावलेल्या समाजात काय टिकले व काय विसरले, हे निघण्याच्या तारखेवर अवलंबून नाही. ते विसरण्याच्या स्वभावावर अवलंबून आहे.

दुसरी बाजू भाषेची. सण, दार, खीर, शिळा, होळी, बिरडे हे मराठी शब्द आहेत. रोजा, रमजान व उरूस हे मुसलमानांच्या सहवासातून आलेले. मराठी नावे मराठी भाषेहून जुनी असू शकत नाहीत. मराठीचा सर्वांत जुना दिनांकित शिलालेख म्हणून जो डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी पुढे मांडला, तो अक्षीचा शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा लेख. अक्षी हे गाव अलिबागच्या अगदी जवळ, याच लोकांच्या वस्तीच्या मुलखात आहे. तेव्हा या नावांच्या आधारे आपण फार तर त्या काळापर्यंत मागे जाऊ. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापर्यंत जाण्यास ती उपयोगी नाहीत. तसेच, रोजा हा शब्द नंतरचा म्हणून तो उपवासही नंतरचा, असेही म्हणता येणार नाही. नावाचे वय हे आचाराचे वय नव्हे. जुन्या आचारास नवे नाव पडते, तसे नव्या आचारासही जुने नाव चिकटते.

तिसरी बाजू वारांची, आणि ती आजवर पुरेशी विचारात घेतली गेलेली दिसत नाही. कोकणात या लोकांस ‘शनिवार तेली’ म्हणत. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा, आणि शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून हे नाव. आता आपल्या देशात वारांची गणना केव्हा रूढ झाली? ऋग्वेदाच्या व यजुर्वेदाच्या वेदांगज्योतिषात वार नाहीत. वाराचा निःसंशय उल्लेख असलेला सर्वांत जुना दिनांकित लेख म्हणून एरण येथील बुधगुप्ताच्या काळचा, गुप्त संवत् १६५ म्हणजे इ. स. ४८४ चा लेख सामान्यतः दाखविला जातो. कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात, इ. स. १८९६ मध्ये, वारांचा विचार विस्ताराने केला आहे. केहीमकर त्याच सुमारास आपला ग्रंथ संपवीत होते. दोघेही कोकणचे, परंतु एकाच्या शोधाचा दुसऱ्यास उपयोग झालेला नाही.

यावरून दोनच पक्ष संभवतात. हे लोक केहीमकर म्हणतात तितक्या पूर्वी आले असतील, तर जेथे कोणीही वार मोजीत नव्हते अशा किनाऱ्यावर त्यांनी कित्येक शतके स्वतःच सात-सात दिवस मोजीत काढले. नंतर आले असतील, तर शेजाऱ्यांच्या तोंडी असलेल्या वारांचा त्यांस आधार मिळाला. पहिला पक्ष अशक्य नाही, पण तो सिद्ध करण्यास ‘शनिवार तेली’ हे नाव निरुपयोगी आहे. कारण ते नाव शेजाऱ्यांनी ठेवलेले असून शेजाऱ्यांस वार ठाऊक झाल्यावरचे आहे. शिवाय तेल्यांच्या इतर पोटजातींतही वारांवरून पडलेली नावे आढळतात. तेव्हा एखाद्या वारी घाणा बंद ठेवणे एवढ्यावरून कोणी यहुदी ठरत नाही. या लोकांच्या बाबतीत तो विराम एकटा नव्हता. आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले व पर असलेलेच मासे खाणे, आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना यांची त्यास जोड होती, म्हणून त्याला अर्थ आहे.

आगमनाचा काळ, याप्रमाणे, सणांच्या यादीवरून ठरत नाही. आमच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील माल पश्चिम समुद्राच्या व्यापारात जात असे हे पेरिप्लसकाराच्या वृत्तान्तावरून प्रसिद्ध आहे, व त्याच वृत्तान्तात चौलच्या बंदराचाही उल्लेख आहे. तेव्हा त्या किनाऱ्यावर परदेशी लोक फार प्राचीन काळी उतरले असणे सर्वथा संभवनीय आहे. पण संभव हे प्रमाण नव्हे.

तर मग ही यादी सांगते तरी काय? नावे पुन्हा एकदा लक्षपूर्वक वाचली, तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. यांपैकी बहुतेक नावांत घटना नाही, कृती आहे. पेसाहच्या नावात मिसर नाही, फारो नाही, समुद्राचे दुभंगणे नाही; मडके झाकणे आहे. आव महिन्याच्या उपवासात यरुशलेमचे नाव नाही. उपवासाशी जडलेले बिरडे आहे. प्रायश्चित्ताच्या दिवशी दार लावणे आहे. ज्या घटनांच्या स्मरणासाठी हे दिवस नेमले, त्या घटना विस्मृत झाल्या. त्या दिवशी घरात जे करावयाचे किंवा करावयाचे नाही, ते मात्र राहिले.

मीमांसकांच्या परिभाषेत सांगावयाचे, तर अर्थवाद लोपला आणि विधिनिषेध उरले. मीमांसाशास्त्राप्रमाणे अर्थवाद हा विधीचा अंकित. त्याचे काम विधीची प्रशंसा करून त्याकडे प्रवृत्त करणे एवढेच. स्तुती विसरली म्हणून विधी व्यर्थ होत नाही. ही दृष्टी ठेवून पाहिले म्हणजे केहीमकरांनी ज्या अवस्थेस सरसकट अज्ञान म्हटले, तिचे स्वरूप निराळे दिसू लागते.

शनिवारचेच उदाहरण घ्या. तोरेत शब्बाथची कारणे दोन ठिकाणी दोन सांगितली आहेत. एके ठिकाणी, देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विराम घेतला म्हणून. दुसऱ्या ठिकाणी, तुम्ही मिसरात दास होता म्हणून. विराम केवळ घरधन्यास नाही. दासदासींस, परक्यास व गुराढोरांसही आहे. कोकणातील घाणेवाल्यास ही दोन्ही कारणे ठाऊक नसतील. पण घाणा बंद राहिला की घाण्याचा बैल आपोआप सुटतो. त्यासाठी ग्रंथ लागत नाही. आपल्याकडे बैलाचा मान वर्षातून एकदा, पोळ्यास. या घरचा बैल दर सात दिवसांनी एक दिवस मोकळा राहत होता. आज्ञेचे शब्द गेले, तरी आज्ञेचा लाभ ज्यास व्हावयाचा त्यास होत राहिला.

दारफळणीच्या सणाविषयीही असेच. या दिवशी घरची माणसे पांढरी वस्त्रे नेसून, दार लावून, उपवास करीत, व इतर लोकांचा संपर्क टाळीत. केहीमकर या नावाचा अर्थ दार बंद करणे असा देऊन थांबतात. आमच्या मते येथे आणखी एक गोष्ट विचारार्ह आहे. या दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेस हिब्रूत ‘नेइला’ म्हणतात, व त्याचा अर्थ ‘बंद करणे’, म्हणजे द्वार मिटणे, असाच आहे. मराठी नाव हे त्या हिब्रू नावाचे विसरलेले भाषांतर असणे शक्य आहे. तसे असेल, तर जे द्वार मंदिराचे किंवा स्वर्गाचे होते, ते मंदिराच्या अभावी घराचे झाले. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. पण शब्दाने अर्थाचा धागा किती दूरवर राखला असेल, याची कल्पना त्यावरून येते.

या दिवसाचा आपल्या पंचांगाशी येणारा संबंध वाचकांस मनोरंजक वाटेल. दोन्हींकडे महिना अमावास्येनंतर सुरू होत असल्यामुळे, दोन गणनांतील अधिक मास जुळलेले असतील तेव्हा तिश्रीची दशमी म्हणजे आपली आश्विन शुद्ध दशमी होते. इ. स. २०२२ मध्ये ५ ऑक्टोबरास, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरास व २०२५ मध्ये २ ऑक्टोबरास विजयादशमी आणि यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस एकाच तारखेस आले. २०२१ व २०२३ मध्ये मात्र दोहोंत जवळजवळ एक महिन्याचे अंतर पडले. पुरीम व होळी यांचेही असेच : २०२२ ते २०२५ या चारही वर्षी ते एकाच दिवशी किंवा लागोपाठ आले, पण २०२१ मध्ये पुरीम फेब्रुवारीच्या अखेरीस व होळी मार्चच्या अखेरीस होती. ‘होळीचा सण’ या नावाची उपपत्ती यावरून लागते. ज्यांच्यापाशी एकोणीस वर्षांच्या चक्राचे कोष्टक नव्हते, ते शेजाऱ्याच्या पंचांगावरूनच आपले दिवस धरीत असले पाहिजेत, असे अनुमान करण्यास हरकत नाही. तथापि आजचा हा मेळ जसाच्या तसा मागे नेता येणार नाही. यहुदी वर्षमान व सूर्यसिद्धान्ताचे वर्षमान यांत जो सूक्ष्म फरक आहे, तो हजार वर्षांत सुमारे १२ दिवसांवर जातो. म्हणून हजार वर्षांपूर्वी कोणता महिना कोणत्या महिन्याशी पडे, याचे गणित निराळे करावे लागेल.

पण जेव्हा दोन्ही दिवस एकत्र येत, तेव्हा कोकणातील एकाच गावात काय दृश्य असेल, याचा विचार करावा. सारा गाव सीमोल्लंघनास बाहेर पडलेला, आणि तेल्याच्या घरी दार लागलेले. आमच्या तुळजापुरास तर दसऱ्याला प्रत्यक्ष भवानीची चल मूर्ती सिंहासन सोडून सीमोल्लंघनास निघते. एका परंपरेत पवित्र काल मनुष्यास सीमेबाहेर नेतो, दुसऱ्या परंपरेत उंबऱ्याच्या आत बसवितो. दोन्हींचे मर्म एकच, असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. दोघांनीही त्या दिवसास इतर दिवसांहून वेगळे मानले, एवढेच समान आहे. वेगळेपणाचा आशय भिन्न आहे, आणि तो भिन्न ठेवूनच समजून घेतला पाहिजे.

हीच सावधगिरी विरामाविषयीही बाळगली पाहिजे. तुळजापुरास देवीच्या निद्रेचे तीन काळ आहेत : नवरात्रापूर्वीची घोरनिद्रा, सीमोल्लंघनानंतरची श्रमनिद्रा आणि शाकंभरी नवरात्रापूर्वीची मोहनिद्रा. देवतेने विश्रांती घ्यावी ही कल्पना आपणांस परकी नाही. परंतु आपल्याकडे देवी निजते तेव्हा भक्तांचे व्यवहार चालूच असतात. यहुदी धर्मात देवाने घेतलेला विराम हा मनुष्यावर बंधनकारक झाला. त्यास अधिक जवळचा असा आपला आचार म्हणजे अनध्याय. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात अमावास्या, चतुर्दशी, पौर्णिमा व अष्टमी या तिथींस अध्ययन वर्ज्य सांगितले आहे. तेथेही काही करावयाचे नाही, हेच त्या दिवसाचे लक्षण. पण अनध्याय तिथीवर, म्हणजे चंद्रावर, अवलंबून आहे, आणि तो अध्ययन करणाऱ्यांपुरता आहे. शब्बाथ कोणत्याही ग्रहगतीवर अवलंबून नाही, आणि तो घाणेवाल्यासही आहे.

यातून पवित्र कालाचा जो अर्थ निघतो तो असा. आपण कोणतेही कर्म आरंभिताना संकल्पात देशकालांचा उच्चार करतो. कोणत्या खंडात, कोणत्या नदीच्या तीरी, कोणत्या शकात, कोणत्या संवत्सरात, कोणत्या तिथीस, हे सर्व सांगितल्याशिवाय कर्मास आधार मिळत नाही. देश आणि काल ही कर्माची दोन अधिकरणे. यहुदी लोकांचा देश गेला, मंदिर गेले. राहिला तो काल. अब्राहाम जोशुआ हेशल या यहुदी पंडिताने इ. स. १९५१ मध्ये शब्बाथवर लिहिलेल्या पुस्तकात हेच प्रतिपादन केले आहे, की उत्पत्तीच्या ग्रंथात ‘पवित्र’ हे विशेषण प्रथम लाभले ते कोणत्याही स्थळास नव्हे, तर सातव्या दिवसास. युरोपातील विद्वानांच्या घराण्यात जन्मलेल्या हेशलपाशी सर्व ग्रंथसंभार होता. कोकणातील घाणेवाल्यापाशी त्यातील काहीच नव्हते. आणि तरीही हेशलने ज्यास धर्माचा गाभा म्हटले, नेमका तोच त्याच्यापाशी टिकला होता. देशाच्या बाबतीत या लोकांनी कोकणास आपले म्हटले. केहीम, राजपूर, दिवे अशा गावांची नावे आडनावांत घेतली. कालाच्या बाबतीत मात्र सातव्या दिवसाची व आठव्या दिवसाची मोजणी त्यांनी सोडली नाही. ज्यास ग्रंथ लागत नाही, मंदिर लागत नाही, पंचांगही लागत नाही, केवळ बोटे लागतात, तेच टिकले.

येथवरच्या विवेचनावरून ग्रंथांची व विद्येची या लोकांस गरजच नव्हती, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा होईल. मघाशी अर्थवाद हा विधीचा अंकित असे म्हटले. परंतु यहुदी धर्मात एक दिवस असा आहे की जेथे अर्थवाद हाच विधी आहे. पेसाहच्या रात्री सुटकेची कथा मुलास सांगावी, अशी आज्ञाच आहे. कथन हे तेथे प्रशंसेसाठी नसून तेच मुख्य कर्म आहे. मडके झाकले, पण का झाकले हे मुलास सांगता आले नाही, तर त्या रात्रीचे निम्मे व्रत राहून जाते. शनिवारी व दारफळणीस विस्मृतीने फारसे बिघडले नाही. अनाशी ढाकाच्या सणास मात्र खरोखर हानी झाली. केहीमकर सर्व सणांस एकाच मापाने मोजतात, व जेथे हिब्रू नाव नाही तेथे सारखाच लोप मानतात, हा त्यांच्या विवेचनातील मुख्य दोष आम्हांस वाटतो.

ती हानी एकोणिसाव्या शतकात भरून निघाली, व तीही मराठीतच. जॉन विल्सन यांनी इ. स. १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण काढले. कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी प्रार्थना शिकविल्या. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी, मुंबईतील डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळून, हिब्रूतील कितीतरी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. इ. स. १८७४ मध्ये पुणे येथे पेसाहच्या कथनाची पोथी मराठी भाषांतरासह व चित्रांसह छापली गेली. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मडके झाकले जात होते, तेथे आता ते का झाकावयाचे हे मुलास त्याच्याच भाषेत सांगता येऊ लागले. हा लाभ लहान नव्हे. तथापि त्याबरोबर जुनी नावे हळूहळू गेली, हेही खरे. आणि नावांबरोबर शेजाऱ्यांस समजेल अशी ती बोलीही गेली.

या चर्चेस केवळ विद्वत्तेचे महत्त्व आहे असे नाही. इ. स. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलात गेले. तेथील धर्मपीठाने इ. स. १९६२ च्या सुमारास त्यांच्या विवाहसंबंधांत पूर्वजांची विशेष चौकशी करावी असे ठरविले, आणि त्यामुळे त्यांच्या यहुदीपणाविषयीच संशय उत्पन्न झाला. मोठ्या आंदोलनानंतर इ. स. १९६४ मध्ये तेथील सरकारने व संसदेने ते सर्व दृष्टींनी यहुदीच होत असे जाहीर केले. जेव्हा मनुष्याची ओळखच प्रश्नास लागते, तेव्हा तो प्राचीनत्वाचा पुरावा शोधू लागतो, व दुर्बळ पुरावाही त्यास प्रिय होतो. हनुक्काचा युक्तिवाद इतका लोकप्रिय का झाला, याचे कारण येथे सापडते. पण ज्या युक्तिवादावर विसंबावे तो मोडला की सारी बाजूच मोडल्यासारखी वाटते. या समाजाच्या धर्मनिष्ठेची साक्ष निघण्याच्या तारखेत नाही. ती शिळ्या सणात, बंद घाण्यात व झाकलेल्या मडक्यात आहे, आणि कोणत्याही तारखेने ती कमी होत नाही.

शेवटी संशोधकांस एक सूचना. शनिवारी घाणा बंद असे, ही गोष्ट आजवर परंपरेवरून व लेखकांच्या सांगण्यावरूनच घेतली जाते. आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानातील व जंजिऱ्याच्या मुलखातील मोडी कागदांत तेलाच्या आवकेच्या, घाण्यांवरील कराच्या किंवा बाजाराच्या नोंदी वारतिथींसह सापडतील, तर त्यांत अमुक घाणेवाल्यांच्या नावापुढे शनिवार सातत्याने कोरा राहतो किंवा कसे, हे पाहता येईल. तसेच ज्या कुटुंबांत वृद्ध माणसे अद्याप जुन्या सणांची नावे सांगतात, त्यांच्याकडून ती नावे उच्चारासह, व त्या दिवशीच्या पदार्थांसह, लिहून घेतली पाहिजेत. केहीमकरांनी हे काम एकट्याने आरंभिले होते. त्यांच्या अनुमानांपैकी पुष्कळ सोडून द्यावी लागली, तरी त्यांची यादी सोडता येणार नाही. तिच्यात भर घालणे हेच त्यांच्या ग्रंथाचे खरे परीक्षण होईल.